ग्रामसभा जगली तरच गाव निर्धास्त राहील

हिवरे बाजारचं नाव निघालं की बोलणं पाण्यावर जातं. डोंगरउतारावरचे समतल चर, बांधबंदिस्ती, भरलेल्या विहिरी, पाण्याचा ताळेबंद. गाव बघायला येणारे लोक हेच बघतात, वहीत टिपून घेतात आणि आपल्या गावी जाऊन सांगतात. ते सारं खरंच आहे. पण या गावाने पाण्याच्याही आधी एक गोष्ट कमावली. तिचा फोटो निघत नाही, म्हणून तिची फारशी चर्चा होत नाही. ती गोष्ट म्हणजे निर्धास्तपणा. दिवेलागणीनंतर बाईमाणसाला रस्त्याने एकटीने चालता यावं, मास्तरांनी बदली टाळण्यासाठी वशिला शोधू नये, दोन भावांमधला बांधाचा वाद कोयता निघण्याआधी मिटावा, इतकी साधी ती गोष्ट आहे. ती ज्या ग्रामसभेने मिळवून दिली ती ग्रामसभा आज महाराष्ट्रातल्या गावोगावी कोमेजत चालली आहे. तिला वाचवण्यासाठी हे आवाहन आहे, आणि ते जितकं खेड्यांना आहे तितकंच शहरातल्या वस्त्यांनाही आहे.

आधी तो जुना काळ नीट आठवू या, कारण तो विसरला की आजची किंमत कळत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नगर तालुक्यातलं हे गाव पर्जन्यछायेतलं. वर्षाकाठी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. एके काळी पैलवानांचं गाव म्हणून हिवऱ्याचा पंचक्रोशीत दबदबा होता. 1972 च्या दुष्काळाने तो मोडला. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलाने गेली, धडधाकट माणसं पोटासाठी पुण्या-मुंबईकडे निघून गेली. मागे राहिलेल्यांच्या हाताला काम नव्हतं, आणि रिकाम्या हातांना सगळ्यात सोपा धंदा सापडला तो हातभट्टीचा. ऐंशीच्या दशकाअखेर या लहानशा गावात दारूच्या बावीस भट्ट्या होत्या. दारू आली तशी भांडणं आली, मारामाऱ्या आल्या, पोलीस ठाण्याच्या चकरा आल्या. सरकारी नोकर हिवऱ्याला झालेली बदली ही शिक्षा समजू लागले. जिथे मास्तर टिकत नाही तिथे शाळा टिकत नाही, आणि शाळा सुटलेलं पोर कुठे जाऊन बसणार हे सांगायला नको.

या गावातली माणसं मुळात वाईट होती का? मुळीच नाही. तीच घरं, तीच आडनावं आजही तिथे आहेत. ज्या गावाला देशभरातून लोक बघायला येतात ते याच माणसांनी उभं केलं. म्हणजे गुन्हेगारी ही माणसांच्या रक्तात नव्हती. ती त्यांच्यावर ओढवलेल्या परिस्थितीत होती, आणि त्या परिस्थितीला 'हे आता चालू देणार नाही' असं एकत्र बसून सांगणारं कुणी गावात उरलं नव्हतं यात होती.

ते सांगणारं कुणीतरी 1989 मध्ये मिळालं. एम. कॉम. झालेले पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पुढे 1994 मध्ये गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत गेलं, 2020 मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला लोकांचं लक्ष वेधायचं आहे ते सुरुवातीच्या एका निर्णयाकडे. गावाने भट्ट्या बंद करायचं ठरवलं तेव्हा नुसत्या चुली फोडून थांबलं नाही. ज्यांच्या भट्ट्या बंद होणार होत्या त्यांच्या घरी उद्या काय शिजणार, हा प्रश्न ग्रामसभेने आपला मानला. बँक ऑफ महाराष्ट्रशी बोलणं करून गरीब कुटुंबांना कर्ज मिळवून दिलं गेलं, आणि त्यांत पूर्वी दारू गाळणारी कुटुंबंही होती.

इथे क्षणभर थांबा आणि विचार करा. ज्याच्यामुळे गावाची अब्रू गेली, त्याच्याच कर्जासाठी गाव बँकेत शब्द टाकतं. पोलिसांना हे करता येत नाही. त्यांचं काम छापा घालायचं, माल जप्त करायचं, गुन्हा नोंदवायचं. छाप्यानंतर आठ दिवसांत भट्टी ओढ्याच्या पलीकडे पुन्हा लागते, हा महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्याचा अनुभव आहे. भट्टी पुन्हा लागू नये यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: शेजाऱ्यांची नजर आणि शेजाऱ्यांचा हात. नजर चुकीला रोखते, हात माणसाला सावरतो. दोन्ही देण्याचा अधिकार आणि ताकद फक्त गावाकडे असते, आणि गाव एकत्र येतं ते ग्रामसभेत.

पुढे पंचसूत्री आली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. नीट पाहिलं तर यातला कुठलाच नियम पोलीस बसवून पाळून घेता येत नाही. डोंगरावरचं झाड रात्री कोण तोडतंय, कुणाची शेळी राखलेल्या कुरणात शिरली, हे शेजाऱ्यालाच दिसतं. ते पाहून त्याने गप्प बसायचं की हटकायचं, यावर सगळं अवलंबून असतं. हिवऱ्याच्या माणसांनी हटकायचं ठरवलं. आणि हटकलेल्या माणसाने राग धरला नाही, कारण नियम करताना तोही सभेत बसलेला होता, त्यानेही हात वर केलेला होता. त्यातच श्रमदान होतं. ज्याच्याबरोबर सकाळी टिकाव-फावडं घेऊन चर खोदला, त्याच्या अंगावर संध्याकाळी धावून जाणं अवघड होतं.

पाण्याची गोष्टही खरं तर तंट्याचीच गोष्ट आहे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या भांडणांची मुळं शोधा. सामाईक विहिरीतला हिस्सा, पाटाच्या पाण्याची पाळी, कोरलेला बांध, अडवलेला शेतरस्ता, मोडलेली वाटणी. फौजदारी गुन्हा म्हणून ठाण्यात नोंदली जाणारी कित्येक प्रकरणं म्हणजे दहा वर्षं न मिटलेल्या अशाच एखाद्या दिवाणी भांडणाचं शेवटचं पान असतं.

हिवरे बाजारने पाण्याचं भांडण कसं मिटवलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. गावात पाऊस मोजला जातो. पावसाळा सरला की पडलेल्या पावसाचा, जिरलेल्या पाण्याचा आणि विहिरींच्या पातळीचा मेळ घातला जातो. मग ग्रामसभेत सगळ्यांसमोर हिशेब मांडला जातो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरलेल्या पाण्यात रब्बीला काय पेरायचं, किती पेरायचं, ते ठरवायचं. ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिकं नकोत. शेतीसाठी बोअर नको. आता ज्याच्या विहिरीला चांगलं पाणी आहे त्याच्या मनात येणारच की, पाणी माझं, मोटार माझी, वीजबिल माझं, मग मी का थांबू? हा प्रश्न मनात दाबून घरी नेला तर त्याचं भांडण होतं. सभेत उभं राहून विचारला तर त्याला उत्तर मिळतं: जमिनीखालचं पाणी तुझ्या बांधाशी येऊन थांबत नाही. आकडा सगळ्यांसमोर लिहिलेला असतो, त्यामुळे कुणी कुणावर संशय घ्यायला जागा राहत नाही. गावातला संशय संपला की निम्मे गुन्हे जन्मालाच येत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

या सगळ्याचं फळ आकड्यांत दिसतं. 1995 मध्ये गावातली 168 कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पुढे ही संख्या अवघ्या तीनवर आली. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेलं दूध हजारो लिटरवर गेलं. शहरात गेलेली कुटुंबं बिऱ्हाड आवरून परत आली. मुंबईच्या झोपडपट्टीतून माणूस उठून गावी परत येतो, तो केवळ विहिरीला पाणी आलं म्हणून येत नाही. पोरीबाळींना घेऊन राहण्याजोगं गाव झालंय, असा विश्वास वाटला म्हणून येतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या गावात मुस्लिम कुटुंब एकच. त्या एका घरासाठी गावाने मशीद बांधली. ज्या गावात संख्येने सगळ्यात कमी असलेलं घर निर्धास्त असतं, त्याच गावाला सुरक्षित म्हणायचं. बहुसंख्यांची सुरक्षितता ही कुठेही असतेच, तिच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

आता याच तालुक्यातलं दुसरं चित्र बघा. फेब्रुवारी 2017. जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या निवडणुका तोंडावर होत्या. नगर तालुक्यातल्याच पांगरमलमध्ये मतदारांसाठी जेवणावळ झाली, दारू वाटली गेली, आणि ती विषारी निघाली. अनेक घरांतले कर्ते पुरुष गेले. काहींची दृष्टी गेली. हिवरे बाजार आणि पांगरमल एकाच तालुक्यात आहेत. पाऊस तोच, माती तीच, प्रशासन तेच, कायदा तोच. मग फरक कशाचा? पांगरमलच्या माणसांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, त्यांच्यावर कोसळलेलं दुःख आपल्या सगळ्यांचं आहे. निवडणुकीत दारू कुठल्या गावात वाटली जात नाही? मात्र ज्या गावात 'आमच्या वेशीच्या आत बाटली येणार नाही' असं सगळ्यांनी मिळून आधीच ठरवलेलं असतं, तिथे वाटणाऱ्याची गाडी वेशीवरच अडते. असं ठरवायला लागतं ती सभा आपण जिवंत ठेवली आहे का, हा प्रश्न आहे.

शहरही यातून सुटलेलं नाही. नगर शहराला लागून असलेल्या केडगावमध्ये एप्रिल 2018 मध्ये महापालिकेच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि त्याच दिवशी दोन कार्यकर्त्यांचा खून झाला. एका प्रभागाच्या एका जागेसाठी दोन घरं उद्ध्वस्त झाली. केडगाव हे काही एकटं नाही. महाराष्ट्रातल्या वाढत्या शहरांच्या कडेला अशा शेकडो वस्त्या आहेत. मूळची शेतीची जमीन, मग प्लॉटिंग, मग अपार्टमेंट. चार जिल्ह्यांतून आलेली माणसं एका जिन्यावर राहतात, पण एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. खांबावरचा दिवा महिनाभर बंद असतो आणि प्रत्येकाला वाटतं तक्रार दुसऱ्याने केली असेल. कोपऱ्यावर संध्याकाळी टोळकं जमतं. क्लासवरून येणारी मुलगी रस्ता बदलते, मग वेळ बदलते, शेवटी क्लासच सोडते. ठाण्यात या कशाचीच नोंद होत नाही. म्हणून कागदावर ती वस्ती शांत असते.

शहरात हिवऱ्यासारखं काही होऊ शकत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी भिवंडीची आठवण करून देईन. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी हे यंत्रमागांचं शहर होरपळलं होतं. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी, कामकरी माणसं आणि त्या भागाचा पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. बोलणं बहुतेक वेळा नळाचं, गटाराचं, शेजाऱ्याच्या कटकटीचं असायचं. पण त्यातून माणसं एकमेकांना ओळखू लागली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा तिच्या उशाला असलेली भिवंडी शांत राहिली. अफवा तिथेही पोहोचल्या होत्या. पण अफवा खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस होता. तिथून धडा घेऊन पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

जगाचाही अनुभव वेगळा नाही. अमेरिकेतल्या शिकागो शहरात रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 343 वस्त्यांतल्या 8,782 रहिवाशांना प्रश्न विचारले. पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी राहिली तर तुमचे शेजारी हटकतील का? तुमचा एकमेकांवर भरवसा आहे का? 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की, जिथे शेजाऱ्यांचा परस्परांवर भरवसा होता आणि गरज पडली तर मध्ये पडायची तयारी होती, तिथे हिंसाचार कमी होता. गरिबी आणि इतर कारणं हिशेबात धरूनही हा फरक उरत होता. शिकागोच्या अभ्यासकांना जे आकडेवारीतून सापडलं, ते आपल्या जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावाने त्याच्या आधीच करून पाहिलं होतं.

मग इतकी मोलाची ग्रामसभा धोक्यात कशी आली?

ती कुणी एका दिवसात मारत नाही. ती हळूहळू मारली जाते, आणि तीही नियमात बसवून. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पाच-दहा माणसांत विषय वाचले जातात, 'सर्वानुमते मंजूर' असं इतिवृत्तात लिहिलं जातं, आणि वही सह्यांसाठी घरोघर फिरते. सही करणाऱ्याला कशावर सही केली हे ठाऊक नसतं. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं बंधनकारक आहे. किती गावांत ती खरोखर भरते? कितीतरी ठिकाणी बचत गटाच्या हप्त्यासाठी जमलेल्या बायकांकडून त्याच वेळी सह्या उरकून घेतल्या जातात. गृहमंत्री असताना आर. आर. आबांनी 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. पहिल्या काही वर्षांत गावागावांत वाद मिटवायला लोक बसले, बक्षिसं आली, कमानी उभ्या राहिल्या. आज कमानीवरचा रंग उडाला आहे, आणि पुष्कळ गावांत समितीचा अध्यक्ष कोण हे शाळेतल्या मुलालाच काय, पोलीस पाटलालाही चटकन आठवत नाही.

हिवरे बाजारलाही पुढची परीक्षा द्यायचीच आहे. जानेवारी 2021 मध्ये तीस वर्षांनी पहिल्यांदा तिथे ग्रामपंचायतीसाठी मतदान झालं. पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. बिनविरोधाची परंपरा मोडली म्हणून अनेकांनी हळहळ व्यक्त केली. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. लोकशाहीत निवडणूक होणारच, व्हावीही. कसोटी मतदानानंतर लागते: ज्याने विरोधात मत दिलं तो दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत येऊन बसतो का, आणि त्याला बोलू दिलं जातं का. आज या गावातली तिशीच्या आतली पोरं भट्ट्यांच्या काळानंतर जन्मलेली आहेत. त्यांनी बापाला झिंगून पडलेलं पाहिलं नाही, हे त्यांचं भाग्य. पण म्हणूनच नियम कशासाठी केले होते हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. जमीन बाहेरच्याला विकायची नाही, या गावाच्या नियमाकडेच बघा. वाढत्या जमिनीच्या भावात तो नियम जड वाटण्याचे प्रसंग येतीलच. त्या वेळी उत्तर सभेतच शोधावं लागेल, दलालाच्या गाडीत बसून ते सापडणार नाही.

एक गोष्ट इथे अगदी स्पष्ट बोलली पाहिजे. गावाची एकी आणि गावाची दहशत यांत फरक आहे, आणि आपल्या जिल्ह्याने तो फरक रक्त सांडून शिकला आहे. 2013 मध्ये सोनई, 2014 मध्ये खर्डा, त्याच वर्षी जवखेडे, 2016 मध्ये कोपर्डी. ही नावं घेताना मान खाली जाते. माणसं मारली गेली, एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा जीव गेला. अशा प्रकरणांत कुठल्याही समितीने 'आपसांत मिटवून टाकू' असं तोंडातून काढायचंही नाही. खून, बलात्कार, जातीय अत्याचार, बाईवरचा हात या गोष्टी तडजोडीच्या नाहीत. त्या ताबडतोब पोलिसांत गेल्या पाहिजेत, आणि तक्रारदाराच्या पाठीशी उभं राहणं हे ग्रामसभेचं काम आहे. कुणाला वाळीत टाकणं हा तर महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे. जी सभा दलित वस्तीतल्या माणसाला आणि विधवा बाईला मोकळेपणी बोलू देत नाही ती ग्रामसभा नाहीच. ती सभा वाचवा असं मी म्हणत नाही, ती बदला असं म्हणतो. गावात आवाज होत नाही म्हणजे शांतता आहे असं समजू नका. कधी कधी तो दबलेला आवाज असतो.

आता कामाचं बोलू.

नगर, पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड आणि उभ्या महाराष्ट्रातल्या गावकऱ्यांनो, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. आपल्याकडे ग्रामसभा बहुतेक याच दिवसांच्या आसपास भरते. त्या दिवशी शेतातलं काम अर्धा दिवस मागे ठेवा. सभेआधी आपला विषय लेखी द्या: बंद दिवा, अवैध दारू, शाळेच्या कुंपणालगतची टपरी, अडवलेला शेतरस्ता. इतिवृत्त लिहून झालं की मोठ्याने वाचायला लावा, मगच सही करा. घरी आलेल्या वहीवर सही करू नका. 'सभेत येऊन करतो' एवढंच सांगा. एवढ्या एका नकाराने कागदावरच्या सभा बंद पडतील.

आयाबहिणींनो, दारूच्या विरोधात तुमच्या हातात कायद्याने दिलेलं हत्यार आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी लेखी मागणी केली तर परवाना असलेलं दुकान बंद करण्यासाठी मतदान घ्यावं लागतं, आणि दुकानबंदीच्या बाजूच्या आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली तर दुकानाला टाळं लागतं. बेकायदा भट्टीसाठी तर मतदानाचीही गरज नाही. अण्णा हजारे यांच्या आग्रहानंतर राज्याने दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून ग्रामरक्षक दलाची तरतूद केली आहे. दल निवडायचं काम ग्रामसभेचं. तुमच्या गावात ते आहे का, हे पुढच्या सभेत उभं राहून विचारा. नसेल तर त्याच सभेत निवडा, आणि त्यात बायकांची नावं घाला, कारण भट्टी कुठे लागते आणि माल कुठून येतो हे पुरुषांच्या आधी बायकांना माहीत असतं.

पण भट्टी बंद करताना हिवऱ्याचा धडा विसरू नका. ज्याचा धंदा बंद करताय त्याच्या घरच्या चुलीचा विचार त्याच सभेत करा. एखादी म्हैस, किराणा दुकानाचं भांडवल, रोजगार हमीवरचं काम, सोसायटीचं कर्ज, काहीतरी त्याच्या हातात द्या. नाहीतर तो रात्री भट्टी लावेल आणि तुमचा शत्रूही होईल.

तरुण मित्रांनो, तुमच्याकडे फोन आहे, गट आहेत, दोन मिनिटांत शंभर जणांना निरोप पोहोचतो. त्याच फोनवरून अफवाही पोहोचते. आपल्या गावातली, आपल्या गल्लीतली अफवा आपल्या फोनवर येऊन थांबली पाहिजे, एवढी जबाबदारी घ्या. आणि ग्रामसभा हा म्हाताऱ्यांचा विषय समजू नका. 1989 मध्ये हिवऱ्याने गाव सोपवलं ते शिकलेल्या तरुणाच्याच हाती.

शहरातल्या बंधुभगिनींनो, तुमच्याकडे ग्रामसभा नाही ही सबब खरी नाही. महापालिकांमध्ये प्रभाग समित्यांची सोय संविधानाच्या 74 व्या घटनादुरुस्तीने दिली. मतदान केंद्राच्या पातळीवर क्षेत्रसभा भरवण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात 2009 मध्येच झाली. ती प्रत्यक्षात भरवली जात नाही, हे नगरसेवकाला आणि आयुक्तांना लेखी विचारा. आणि उत्तर येईपर्यंत वाट बघत बसू नका. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या भांडणाबरोबर एक विषय जास्तीचा घ्या: रात्री नऊनंतर आपल्या रस्त्याने मुलगी एकटी येऊ शकते का? येऊ शकत नसेल तर का? शेजारच्या दोन सोसायट्यांना, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला, रिक्षा स्टँडवरच्या लोकांना आणि बीटच्या हवालदारांना बोलवा. महिन्यातून एकदा बसा. बोलणं दिव्यांचं आणि गटाराचं झालं तरी चालेल. भिवंडीतही तेच बोलणं होत होतं.

पोलीस बांधवांना विनंती आहे. ठाण्याच्या हद्दीतली गुन्ह्यांची संख्या कमी दिसावी म्हणून तक्रार टाळू नका. ग्रामसभेत, मोहल्ल्यात गणवेश घालून या आणि पाठीमागच्या बाकावर बसून ऐका. माणूस तुम्हाला भांडणाच्या आधी भेटला तर त्याला भांडणानंतर अटक करायची वेळ कमी येईल.

आणि ग्रामसेवक, तलाठी, गटविकास अधिकारी यांनाही सांगणं आहे की, वारंवार तहकूब होणारी सभा हा नुसता कागदपत्रातला तपशील नाही. ते गाव आजारी पडत असल्याचं लक्षण आहे. त्या गावात जाऊन बसा, लोक का येत नाहीत ते विचारा. बहुतेक वेळा कारण एकच सापडेल: मागच्या सभेत मांडलेला विषय पुढच्या सभेपर्यंत हललाच नव्हता. विषय हलला की माणसं येतात.

हिवरे बाजारने जे केलं ते एका पुरस्कारासाठी केलं नव्हतं, आणि ते एका माणसाच्या जोरावरही टिकलेलं नाही. तीस-पस्तीस वर्षं लोक येऊन बसत राहिले, भांडत राहिले, हात वर करत राहिले, म्हणून ते टिकलं. आपल्यालाही एवढंच करायचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणी आपल्यासाठी करू शकत नाही. तुमच्या गावची, तुमच्या प्रभागाची पुढची सभा कधी आहे ते आजच विचारा. तारीख ठरलेली नसेल तर ती ठरवायला लावा. आपला विषय कागदावर लिहा, घरातल्या बायकांना आणि पोरांना बरोबर घ्या, शेजारच्या ज्या घराशी बोलणं नाही त्यांच्याही दारात जाऊन 'चला' म्हणा, आणि सभा संपेपर्यंत उठू नका.